पोळ्या, कंटाळा आणि 'चोचले' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, तेव्हा नुसताच नमस्कार. कंटाळ्याकडे न पळता बघण्याविषयीच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी : "हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. रोज वीस पोळ्या लाटणाऱ्या बाईला तुम्ही श्वास बघायला सांगणार? कंटाळा आला तर काम बदलावं, नाहीतर वाटून घ्यावं. शिवाय शिबिराची माहितीही चुकली आहे."

शेवटचं आधी घेते. माहिती चुकली, मान्य. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात १० दिवसांच्या शिबिरात पहिले ५ दिवस आनापान, म्हणजे नुसता येता-जाता श्वास बघणं, असतं, असं मी लिहिलं होतं. ते ३ दिवस असतं आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना बघणं, शिकवतात. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'चोचले'. मतभेद असू देत, पण हा शब्द आपल्याकडे कुणाला ऐकवतात, आठवून बघा. हट्टी पोराला, आजारी माणसाला आणि दुपारी जरा आडवी झालेल्या सुनेला. म्हणजे ज्या बाईची बाजू घ्यायला तुम्ही आलात, तिलाच तो आजवर सर्वांत जास्त ऐकावा लागला आहे. आणि पैशाचंच म्हणत असाल, तर त्या शिबिराला फी नसते. राहणं-जेवण आधी येऊन गेलेल्यांच्या दानावर चालतं. प्रतिक्रिया टाकण्याआधी एवढं बघता आलं असतं.

पोळ्यांकडे येऊ. घरात पोळ्या मीच करते, वीसहून जास्त, तेव्हा याबाबतीत मला कुणी शिकवू नये. तव्यासमोर श्वास बघत उभं राहा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तसं केलं तर पोळी करपेल. लाटताना लक्ष ठेवायचं ते लाटण्यावरच, फक्त एका वेळी एकाच गोष्टीवर.

पहिल्या तीन पोळ्या तळहातासाठी. कणीक मळून वीसेक मिनिटं झाकून ठेवलेली असेल तर ती लाटण्याखाली निमूट पसरते. मळल्या मळल्या लाटायला घेतली की आक्रसून मागे येते. हा फरक डोळ्यांआधी हाताला कळतो. पुढच्या तीन कडेसाठी. त्रिकोणी घडी लाटताना सवयीने मधे जोर पडतो, कड जाड राहते. मग मधला पातळ भाग फाटतो, वाफ निसटते, पोळी धड फुगत नाही आणि कड कच्चीच राहते. त्यानंतरच्या तीन आवाजासाठी : लाटणं सरकतंय की आपटतंय, पोळपाट डुगडुगतोय का. मग पुन्हा हात. वीस पोळ्यांत अशा दोन फेऱ्या सहज होतात.

बिघडतं कुठे, तेही सांगते. बऱ्याच जणी लक्ष द्यायचं म्हणून हळू लाटायला लागतात. तवा वाजवीपेक्षा तापतो, पोळीवर काळे डाग पडतात आणि खापर ध्यानावर फुटतं. वेग नेहमीचाच ठेवायचा. काही जणी मनातल्या मनात धावतं समालोचन सुरू करतात, 'आता मी लाटतेय, आता मी उलटतेय'. त्याने दुप्पट शीण येतो. आणि सगळ्यात मोठी गडबड म्हणजे 'अजून चौदा राहिल्या' ही मोजणी. हातातली पोळी एकच असते, ओझं मात्र चौदांचं वाटतं. मोजणी सुरू झाली की मनात 'मोजणं' एवढंच म्हणायचं आणि कडेकडे परत यायचं. दहा वेळा गेलं तर दहा वेळा. त्याच वेळी दातावर दात दाबलेत का, खांदे कानांकडे चढलेत का, हेही बघा. आपण ज्याला कंटाळा म्हणतो त्यातला बराचसा तिथे असतो. फोनकडे हात जाऊ लागला तर तव्यावरची पोळी उतरेपर्यंत थांबायचं. एवढ्यात ती ओढ चढते आणि बरेचदा उतरतेही. चढून तशीच राहिली, तरी काही बिघडलं नाही. कंटाळा जायलाच हवा अशी अट घातली की तो ठाण मांडतो.

हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर सजगतेची जी मांडणी करतात, तिच्यात डोळे मिटून बसणं नाहीच. ओळखीच्या गोष्टीत नवं काय दिसतं ते टिपत राहणं आहे. जाड कड दिसणं हे त्यातलंच. यात पोट भरलेल्यांचं काय आहे, ते तुम्हीच सांगा.

'काम बदलावं' यावर फार लिहीत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमथी विल्सन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसवलं होतं. सोबत विजेचा सौम्य झटका देणारं बटण. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकीच १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. तिथे बदलायला कामच नव्हतं, तरी नुसतं बसवेना.

आणि नुसतं गप्प बसून सोसा, असा समज असेल तर तोही चुकीचा. ध्यानात पेंगणाऱ्या मोग्गल्लान या शिष्याला बुद्धांनी सांगितलेले उपाय अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात आहेत : मनातला विषय बदल, पाठ केलेलं म्हण, कान ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार, नक्षत्रांकडे बघ, येरझाऱ्या घाल, एवढ्यानेही नाही भागलं तर उजव्या कुशीवर झोप. यात चोचले कुठले?

राहिलं 'वाटून घ्यावं'. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. हवं तर त्यावर तुम्ही लिहा, मी वाचेन. फक्त खाली नाव घाला.