न वापरलेल्या दाराची गोष्ट: 'जुन्या पाटकऱ्या'च्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की तुमचा एक मुद्दा मुळात माझ्या लेखातच यायला हवा होता. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमजवळच्या मास्लांट पूरदरवाजावर, म्हणजे वादळात समुद्राचं पाणी नदीतून शहरात शिरू नये म्हणून मिटणाऱ्या दारावर, मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: दार म्हणजे शेवटी लोखंडी पत्रा आणि रबरी पट्टी. धरणावर आम्ही जन्मभर तेच वरखाली केलं. डचांनी तेच राक्षसी आकाराचं केलं म्हणून एवढी आरती कशाला? नदीकाठचे बांध उंच केले असते तर दार लागलंच नसतं. पंचवीस वर्षं रिकामं उभं असलेलं दार हा पांढरा हत्ती, आणि ते कधी मिटायचं हे संगणकावर सोडणं हा शुद्ध वेडेपणा. शेवटी टोमणा: "गोव्याच्या खाजनातली मानस हेच काम बिनपगारी करते, ती तुम्हाला दिसली नाही." (खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, मानस म्हणजे तिच्या बांधातलं पाण्याचं दार.)

आधी माझी चूक. हे दार 'आजवर फक्त सरावासाठीच मिटलं' असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. ८ नोव्हेंबर २००७ च्या वादळात ते मिटलं होतं. पाणी किती चढलं की दार मिटायचं, ती पातळी त्या हंगामापुरती मुद्दाम २.६ मीटरवर आणलेली होती, म्हणून मी ते सरावात धरलं. पण वादळ खरं होतं. आणि २१ डिसेंबर २०२३ ला तर नेहमीच्या ३ मीटरच्या निकषावर ते आपोआप मिटलं. १९९७ मध्ये सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं, आणि नेमकं तेच मी वगळलं. लेखात दुरुस्ती करतो.

आता पत्र्याचं. पाणी अडवणं अवघड नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. १० मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला १० टन आणि दाराच्या दर मीटर रुंदीवर एकूण रेटा ५० टन. एवढं गणित कुठलाही ओव्हरसियर पाठीमागच्या कागदावर करेल, आणि पत्रा किती जाड हवा तेही सांगेल. प्रश्न तो रेटा नेऊन टाकायचा कुठे, हा आहे. कोयनेचे किंवा जायकवाडीचे वक्र दरवाजे तुम्ही जवळून पाहिलेत. दाराचा पत्रा वर्तुळाच्या कमानीसारखा का असतो? पाण्याचा दाब नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतो, म्हणजे कमानीवरचा सगळा रेटा त्या वर्तुळाच्या मध्याकडेच जातो, आणि मध्यावरच दाराची खुंटी असते. त्यामुळे पाणी दाराला ना उघडायला बघतं ना मिटायला. उचलणाऱ्या यंत्राला फक्त दाराचं वजन आणि घासण पेलावी लागते. मास्लांटचं दार म्हणजे तुमचंच वक्र दार, आडवं पाडलेलं. तुमचं वर उचललं जातं, ते बाजूला फिरतं.

खरी गंमत खुंटीत आहे. धरणाच्या दाराला एकाच अक्षाभोवती फिरायचं असतं. मास्लांटच्या दाराला दोन पाखी, म्हणजे दोन काठांवरून येणारी दोन झडपं. त्यातल्या प्रत्येक पाख्याला आधी आडवं फिरत पात्रात यायचं असतं आणि मग खाली बसायचं असतं. पाखं २१० मीटर लांब, २२ मीटर उंच, त्याला धरणारा सांगाडा २३७ मीटरचा. वर लाटांचे हिसके. म्हणून तिथे साध्या खुंटीऐवजी आपल्या खांद्यात असतो तसा उखळीचा सांधा आहे: १० मीटर व्यासाचा, ६८० टन वजनाचा गोळा. मिटलेल्या दारावरचा पाण्याचा रेटा या एका सांध्यावर ३५,००० टनांपर्यंत जाऊ शकतो असं धरून तो केलाय. ती आरती वाटली असेल, तर हो, या गोळ्याची मी करतोच.

दुसरी गोष्ट उंबऱ्याची. नदीच्या तळाशी रूळ टाकून दार सरकवायचं म्हटलं की रुळात गाळ बसतो. तो कोण उपसणार? म्हणून ही पाखी पोकळ ठेवली. एरवी ती दोन्ही काठांवरच्या कोरड्या गोदीत असतात. वेळ आली की गोदीत पाणी सोडायचं, पाखी तरंगतात, ती पात्रात ढकलायची आणि मग त्यांच्या पोटात पाणी घेऊन ती बुडवायची. दार खाली बसत जातं तशी त्याच्या आणि काँक्रीटच्या उंबऱ्यामधली फट कमी होते, फटीतून पाणी जोरात धावतं आणि उंबऱ्यावरचा गाळ तेच धुऊन नेतं. झाडू नदीचाच. कोकणात पावसाळ्यात फुगलेलं दार खांद्याने रेटून मिटवणाऱ्या माझ्यासारख्याला ही युक्ती ऐकून हेवा वाटतो.

बांध उंच करण्याबद्दल फार लिहीत नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या वादळी पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं बुडाली. त्यानंतर ते लोक अनेक वर्षं बांध उंचच करत होते. पण रॉटरडॅम आणि डोर्ड्रेख्टमध्ये बांधाला लागून घरं, आणि समोरच्या ३६० मीटर रुंद पात्रातून युरोपातल्या सर्वांत मोठ्या बंदराची जहाजं जातात. ते पात्र कायमचं बुजवता येत नाही, आणि घरं पाडत बांध वाढवायचे तर काही दशकं आणि दारापेक्षा जास्त पैसा लागला असता.

पांढऱ्या हत्तीवर मात्र थांबतो, कारण तो तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. फक्त तो उलट बाजूने खरा आहे. हे दार वापरलं जात नाही हा पैशाचा प्रश्न नाही, तोच त्याचा सगळ्यात मोठा तांत्रिक धोका आहे. आराखड्यात धरलं होतं की हजार वेळा मिटायला सांगितलं तर एकदाच ते ऐकणार नाही. बांधून झाल्यावर कसून तपासलं तेव्हा हा आकडा गाठता येत नाही हे दिसलं. सॉफ्टवेअर, यंत्रणा, माणसांची शिस्त हे सगळं सुधारून आता शंभरात एकदा असं धरतात. म्हणजे एवढं पोलाद ओतूनही दहापट घसरण, आणि ती पत्र्याच्या जाडीमुळे नाही. म्हणून दर वर्षी वादळांचा हंगाम लागायच्या आधी ते जहाजं थांबवून दार एकदा पूर्ण मिटवून बघतात.

कर्नाटकातल्या तुंगभद्रा धरणाचं तुम्हाला सांगायला नको. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ नंबरचं दार वाहून गेलं, ते पत्रा फाटून नाही. साखळी तुटली. सत्तर वर्षांचं दार, भरलेलं धरण, आणि पुढचा आठवडा वाहत्या पाण्यात स्टॉप लॉग (दाराच्या जागी एकावर एक रचायचे पोलादी अडसर) उतरवण्याची ती कसरत. पनामा कालव्याच्या २०१६ च्या नव्या लॉकमध्ये (जहाजं पाण्यासकट वरखाली करणाऱ्या हौदांमध्ये) याच कारणाने प्रत्येक ठिकाणी दोन-दोन दारं ठेवलीत, बाजूला खाचेत सरकणारी. एकाची डागडुजी त्याच्या खाचेतच होते, तोवर दुसरं काम करतं. १९१४ च्या जुन्या लॉकमधली दुपाखी दारं मोठ्या दुरुस्तीला बिजागरीतून काढून, तरंगवत गोदीत न्यावी लागत. माझ्या मते नव्या लॉकमधली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच, आकार नव्हे.

संगणकाबद्दल मी अर्धा तुमच्या बाजूचा आहे. दार मिटायला दोन-अडीच तास लागतात, त्याआधी जहाजांना इशारा द्यावा लागतो. म्हणजे पाणी आल्यावर ठरवून चालत नाही, येणार म्हणून ठरवावं लागतं. उशीर झाला तर शहर बुडतं. उगाच मिटलं तर बंदर अडतं, शिवाय मागून ऱ्हाइनचं पाणी येतच असतं, ते आत तुंबतं. अशा रात्री माणूस 'अजून अर्धा तास बघू' म्हणतो. मीही म्हणेन. डचांनी निर्णय यंत्राकडे दिला तो या अर्ध्या तासाला भिऊन. पण यंत्र अंदाजावर चालतं, आणि अंदाज चुकतो. ८ डिसेंबर २०२० ला व्हेनिसची मोझे दारं, म्हणजे मोठ्या भरतीला तळातून उचलून शहर वाचवणारी दारं, धडधाकट होती. दोनच महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा भरतीत उचलली होती. उचलायची पातळी १३० सेंटिमीटर होती, अंदाज त्याच्या आत होता, म्हणून ७८ दारं तळाशी पडून राहिली. पाणी १३८ पर्यंत चढलं आणि सेंट मार्कचा चौक बुडाला.

आणि आता मानस. ती मला दिसली नाही असं नाही. ती वेगळ्या जातीची आहे असं समजून मी सोडली. तुमच्या टोमण्यानंतर परत विचार केला. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या पाण्याच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात. अंदाज नको, वीज नको. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये बसवलेली स्वयंचलित दारं त्याच कुळातली, राधानगरीची सातही तशीच. पाण्याच्या पातळीनेच दार हलतं. मग रॉटरडॅमला हे का नाही? कारण मानशीला प्रत्येक भरती अडवायची असते, दिवसातून दोनदा, आणि तिच्यातून जहाज जात नाही. मास्लांटला नेहमीच्या सगळ्या भरत्या आत येऊ द्यायच्या असतात आणि एखादीच अडवायची असते. ती एक कुठली हे झडपेला पाणी चढेपर्यंत कळणार नाही, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

पण मला जे सुचायला हवं होतं ते हे: मानस दिवसातून दोनदा हलते म्हणून आखडत नाही. बिघाड झाला तर पुढच्याच भरतीला शेतात खारं पाणी येतं आणि गावाला कळतं. मास्लांटचा बिघाड वर्षभर गप्प बसू शकतो. अर्थात मानशीलाही माणसाचा उपद्रव आहेच. मासेमारीच्या लिलावात ती घेतलेला माणूस जास्त मासे यावेत म्हणून झडप उघडी धरतो आणि खाजनातलं भात करपतं, ही गोव्यातली जुनी तक्रार. तिथे वंगणाने भागत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या धरणावर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दार फूटभर उचलून बघायची पद्धत होती, आणि नंतर 'पाणी वाया जातं' म्हणून ती बंद झाली. ती कुणाच्या हुकमाने बंद झाली ते नको. पण उचलायचं थांबल्यावर दारात पहिल्यांदा काय बिघडलं, रबर, साखळी की खुंटी? एवढं लिहाल का? पुढचा लेख त्यावरच करायचा आहे.