काका, दुसरं नक्की कोणाच्या यादीत?

नमस्कार काका,

'रेडिओवेडा' या नावाने लिहिता, पण प्रतिक्रियेतच '६८ वर्षांचा आहे, सिडकोत राहतो' असं सांगून टाकलंत, म्हणून काका म्हणतोय. खाली चौकटीत उत्तर लिहायला बसलो होतो. ते इतकं वाढलं की वेगळं टाकावं लागतंय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजी पॉपमधली जी गाणी दर आठवड्याच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली, त्यांच्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात: 'नाशकात बसून विलायतेतल्या गाण्यांचा दुसरा नंबर का आला म्हणून गळे काढणं हा रिकामटेकडेपणा आहे. लोकांनी खिशातले पैसे मोजून ज्याला पहिलं केलं ते पहिलं. दुसरं ते दुसरंच. तुमचं म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट. आम्ही दर बुधवारी अमीन सायानी ऐकत मोठे झालो, पायदानांच्या वह्या अजून कपाटात आहेत. क्रमांक म्हणजे काय ते आम्हाला शिकवू नका. आणि व्हिएन्नाची माहिती चुकली आहे, ती आधी दुरुस्त करा.' (नव्या वाचकांसाठी: अमीन सायानी म्हणजे रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ही हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी सादर करणारे निवेदक, आणि पायदान म्हणजे त्या क्रमवारीतली पायरी.)

आधी दुरुस्तीच करतो. अल्ट्राव्हॉक्स या ब्रिटिश बँडचं 'व्हिएन्ना' १९८१ मध्ये ब्रिटनच्या यादीत चार आठवडे दुसरं राहिलं, आणि सगळा वेळ त्याच्या डोक्यावर जो डॉल्चेचं 'शडप यू फेस' हे गमतीचं गाणं बसलेलं होतं, असं मी लिहिलं होतं. चार आठवडे बरोबर. पण पहिल्या आठवड्यात वर होतं जॉन लेननचं 'वुमन', डॉल्चेसाहेब उरलेले तीन आठवडे. हा फरक किरकोळ नाही. लेननचा खून होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, लोक त्याच्या रेकॉर्डी शोकात विकत घेत होते. त्या आठवड्याला अन्याय म्हणणं मलाही जमणार नाही. मूळ लेखात बदल केला आहे, तुमचा उल्लेखही केला आहे.

आता द्राक्षं. निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात माझं अर्धं गणगोत द्राक्षं पिकवतं आणि तुम्ही मला कोल्ह्याची गोष्ट ऐकवता! असो, म्हण तुमची बिनतोड आहे. पण कोल्ह्याला निदान घड कुठे लटकलाय ते दिसत तरी होतं. माझा मुद्दा असा की या याद्यांमध्ये घड नक्की कुठे होता यावरच कितीतरी वेळा एकमत नव्हतं.

बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' घ्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये लंडनच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने काचेपलीकडून पोरांना सांगितलं होतं की तुमचं पहिलं नंबर एकचं गाणं आत्ता तयार झालंय. १९६३ च्या सुरुवातीला रेकॉर्ड बाजारात आली. मार्टिनचं भाकीत खरं ठरलं का? त्या काळी ब्रिटनमध्ये एकच एक यादी नव्हती. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ची वेगळी, 'मेलडी मेकर'ची वेगळी, व्यापाऱ्यांसाठीच्या 'रेकॉर्ड रिटेलर'ची वेगळी. पहिल्या दोन्हींमध्ये 'प्लीज प्लीज मी' पहिलं आलं. 'रेकॉर्ड रिटेलर'मध्ये मात्र ते दुसरं राहिलं, वर फ्रँक आयफील्डचं 'द वेवर्ड विंड'. पुढे १९६९ मध्ये बीबीसीच्या पुढाकाराने एकच अधिकृत यादी सुरू झाली, आणि त्याआधीचा, १९६० पासूनचा इतिहास लिहिताना नोंद धरली गेली ती 'रेकॉर्ड रिटेलर'ची. म्हणजे जे गाणं १९६३ मध्ये बहुतेकांच्या लेखी पहिलं होतं, ते नंतर कागदावर दुसरं झालं. २००० मध्ये बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा '१' नावाचा संच निघाला, २७ गाण्यांचा. त्यात हे नाही. आता सांगा काका, लोकांनी खिशातले पैसे मोजले ते कोणत्या यादीत धरायचे?

आणि मोजणी म्हणजे तरी काय होती? ब्रिटनमधली पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ ला छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी सुमारे वीस दुकानांना फोन लावले, काय खपतंय ते विचारलं, बेरीज केली. झाली यादी. मी त्यांची थट्टा करत नाहीये, सुरुवात कुठूनतरी करावीच लागते. पण फोन न आलेल्या एकविसाव्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने पैसे मोजले नव्हते थोडेच!

एका बाबतीत मात्र तुम्ही मला चांगलंच पकडलंत. १९६७ चं 'पेनी लेन', ज्याच्या दुसऱ्या बाजूला 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' होतं. एकाच तबकडीवर अशी दोन गाणी, आणि ती दुसरी आली, कारण वर एंगेलबर्ट हंपरडिंकचं 'रिलीज मी' होतं. मी त्याला 'रडकं, बायकी गाणं' म्हणालो होतो. तुम्ही विचारलंत, 'बायका रेकॉर्ड घेतात त्या खोट्या नाण्यांनी का?' हे वाचून मी खरंच ओशाळलो.

देवळाली कॅम्पात मावशीच्या शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब राहायचं. रविवारी सकाळी त्यांच्या खिडकीतून जिम रीव्ह्ज आणि हा एंगेलबर्ट ऐकू यायचा, आणि मावशी इकडे तांदूळ निवडत मान डोलवायची. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नव्हता. बीटल्स त्या खिडकीतून मी एकदाही ऐकले नाहीत. म्हणजे माझ्या स्वतःच्या कानांनी मला हे कधीच सांगितलं होतं की 'रिलीज मी'चं गिऱ्हाईक कोण आहे आणि ते किती आहे. पुस्तकं वाचून शहाणा झाल्यावर मी ते विसरलो.

त्यातून हा माणूस आपल्याकडचा निघतो. खरं नाव आर्नल्ड जॉर्ज डॉर्सी, जन्म १९३६, मद्रास. वडील ब्रिटिश फौजेत. कुटुंब पुढे लेस्टरला गेलं. बरीच वर्षं हा क्लबांमधून गात राहिला, कोणी विचारेना. मग मॅनेजरने एका जुन्या जर्मन संगीतकाराचं लांबलचक नाव उचलून याला चिकटवलं. लंडनच्या पॅलेडियम थिएटरमधल्या टीव्ही कार्यक्रमात ऐनवेळी दुसरा गायक आजारी पडला म्हणून याला उभं केलं, आणि 'रिलीज मी' घराघरात पोचलं. सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर, आणि सलग ५६ आठवडे यादीत. वर्षाहून जास्त! असं गाणं वर बसलेलं असताना 'पेनी लेन' दुसरं आलं यात लाज ती कसली? (तुमच्या माहितीसाठी: 'मेलडी मेकर'च्या यादीत तेही पहिलं आलं होतं. तिथूनच मगाचा प्रश्न पुन्हा सुरू होतो.)

लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माल तोच, प्रत तीच. आपला ट्रॅक्टर ज्या दिवशी लिलावात उभा राहिला त्या दिवशी आवक किती, यावर भाव ठरतो. चार दिवस आधी आला असता तर वेगळी गोष्ट. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'डान्सिंग इन द डार्क' १९८४ मध्ये दुसरं अडकलं. वर आधी ड्युरॅन ड्युरॅन होते, ते उतरेपर्यंत प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय' आलं. फॉरेनर नावाच्या बँडचं एक गाणं तर १९८१-८२ च्या हिवाळ्यात दहा आठवडे दुसरं बसून राहिलं. त्यातले नऊ आठवडे वर ऑलिव्हिया न्यूटन-जॉन. ती शेवटी उतरली, तर त्याच आठवड्यात तिसरंच कोणीतरी उडी मारून वर गेलं. याला काय म्हणावं? मी तरी आवक म्हणतो. आणि क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडची १९६९-७० मध्ये पाच गाणी अमेरिकेत दुसरी आली, पहिलं एकही नाही. त्यातलं 'ग्रीन रिव्हर' ज्या गाण्याखाली राहिलं ते 'आर्चीज' या व्यंगचित्रातल्या, प्रत्यक्षात नसलेल्याच बँडच्या नावावर होतं. म्हणजे हाडामांसाची माणसं खाली आणि रंगवलेली वर!

लोकांनी पहिलं केलं ते पहिलं, म्हणजे 'जनतेचा कौल', या तुमच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. १९७७ मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या धामधुमीत सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं, राजेशाहीची खिल्ली उडवणारं 'गॉड सेव्ह द क्वीन' आलं. बीबीसीने ते वाजवायला बंदी केली, मोठ्या दुकानसाखळ्यांनी रेकॉर्ड ठेवायलाच नकार दिला. तरी ते दुसरं आलं, वर रॉड स्ट्यूअर्ट. यादीत घोळ केला गेला अशी कुजबुज आजही चालते, ती मी बाजूला ठेवतो. पण निम्म्या दुकानांत उमेदवाराची पेटीच ठेवायची नाही आणि मग निकालाला कौल म्हणायचं, हे आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीतही कोणी चालवून घेणार नाही.

आता गीतमाला. इथे तुम्ही मला दम दिला आहे, म्हणून जरा जपून.

माझ्या घरी बुधवार म्हणजे दोन गोष्टी. सकाळी आजोबांबरोबर गंगेवरचा बाजार, रात्री आठला रेडिओ. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) त्यामुळे 'बहनों और भाइयों' ऐकलं की मला अजून मेथीचा वास येतो. गीतमालेवर माझंही तुमच्याइतकंच प्रेम आहे. पण तिचा जन्मच मुळी एका क्रमवारीवरच्या नाराजीतून झाला. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, यांना चित्रपटसंगीत हलकं वाटायचं. त्यांनी आकाशवाणीवर त्याला दार बंद केलं, आणि गाणी समुद्र ओलांडून सिलोनला गेली. ३ डिसेंबर १९५२ पासून गीतमाला. मुंबईत ध्वनिमुद्रण व्हायचं, फिती कोलंबोला जायच्या, आणि तिथून आवाज परत आपल्या माजघरात.

तिथेही पायदानं ठरायची ती रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पत्रं यांची सांगड घालून. खपावरच विसंबलं तर अडचण साधी होती. एखादी रेकॉर्ड इतकी चालायची की दुकानातला साठाच संपायचा. मग खप शून्य! म्हणजे सगळ्यात लोकप्रिय गाणं खाली घसरायचं, कारण ते फार लोकप्रिय होतं. श्रोता संघ आले ते म्हणून. सायानींना हे कळत होतं की आकडा आणि आवड यांच्यात फट असते, आणि ते ती बुजवत होते. तुम्ही ज्यांच्या नावाने मला गप्प करताय ते माझ्या बाजूचे आहेत, काका.

आणि तुमचंच १९८१ घ्या, 'व्हिएन्ना'चं वर्ष. तोवर 'बिनाका गीतमाले'ची 'सिबाका गीतमाला' झाली होती. त्या वर्षीच्या वार्षिक यादीत शिखरावर होतं 'लावारिस'मधलं 'मेरे अंगने में'. त्याच वर्षी 'उमराव जान' आला, खय्याम यांचं संगीत, 'दिल चीज क्या है'साठी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार. मला 'मेरे अंगने में' आवडतं, लग्नात कोणी लावलं तर मी बसून राहत नाही. डॉल्चेचं गाणंही तसंच, इटालियन ढंगाच्या इंग्रजीतली आई मुलाला झापतेय. एकाच वर्षी इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे लोकांना हसावंसं वाटलं, एवढंच. पण 'उमराव जान'ची गाणी त्यामुळे खालच्या पायरीची झाली असं तुम्ही माझ्यासमोर म्हणून दाखवा. नाही म्हणणार.

तुमचं 'दुसरं ते दुसरंच' हे वाक्य कायमचं असतं तरी मी मान्य केलं असतं. व्हॅम!चं 'लास्ट ख्रिसमस' डिसेंबर १९८४ मध्ये दुसरं राहिलं, वर इथिओपियातल्या दुष्काळासाठी केलेलं 'बँड एड'चं गाणं. गंमत अशी की व्हॅम!चा गायक जॉर्ज मायकेल दोन्हींत गायला होता, म्हणजे स्वतःच स्वतःच्या वाटेत उभा. हेच गाणं १ जानेवारी २०२१ च्या यादीत पहिलं आलं. छत्तीस वर्षांनी. जॉर्ज मायकेल तोवर गेला होता, तोही २०१६ च्या नाताळच्याच दिवशी. आणि 'व्हिएन्ना'ला २०१३ च्या सुरुवातीला श्रोत्यांनी आवडतं दुसऱ्या क्रमांकाचं गाणं म्हणून निवडलं, तेव्हा यादीवाल्यांनी त्याला मानाचा पहिला क्रमांक देऊन टाकला. हा मला थोडा पोरकटपणा वाटतो. मेल्यावर बढती दिल्यासारखं.

राहता राहिला रिकामटेकडेपणाचा आरोप. कॉलेजात असताना शालिमारजवळ एक जण कॅसेट भरून द्यायचा. वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, आठवड्याने कॅसेट न्यायची. एका बाजूला किशोर, दुसऱ्या बाजूला तो स्वतःच्या मर्जीने इंग्रजी भरायचा. त्यात किंक्सचं 'वॉटर्लू सनसेट' होतं. ते १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये दुसरं आलं होतं हे मला वीस वर्षांनी कळलं. कॅसेटच्या कागदावर त्याने फक्त अनुक्रम लिहिला होता: ब-४.

तर काका, भांडण बाजूला. माझी एक विनंती आहे. तुमच्या वह्यांमध्ये जी गाणी वर चढता चढता दुसऱ्या पायदानावर थांबली आणि खाली आली, त्यांची नावं मला हवी आहेत. पुढचा लेख त्यांच्यावर, आणि तो विलायतेतला नसेल. येत्या बुधवारी गंगेवरच्या बाजाराला येत असाल तर वह्या घेऊन या, मी दहाच्या सुमारास तिथेच असतो. फक्त पिशवीत भाजीच्या वर ठेवा, खाली नको. मेथी ओली असते.