दाजी, मी पळून आलेले नाही

डिसेंबर २०२५ मध्ये पायलट कमी पडून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, त्या आठवड्यात ताईचा फोन आला आणि तिनं तो दाजींच्या हातात दिला. मागे टीव्हीवर विमानतळावरची गर्दी ऐकू येत होती. दाजी म्हणाले, "बघ, तुम्ही पायलट लोकांनी काय करून ठेवलं. देशानं शिकवायचं अन् तुम्ही जाऊन शेखांची विमानं उडवायलात. सरकारनं बॉन्डात बांधायला पाहिजे तुम्हाला."

मी इथे दुबईत को-पायलट, रात्रीची ड्युटी करून आले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं, फोन ठेवला. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

देशानं शिकवलं म्हणजे नेमकं कुणी? गोंदियाजवळ बिरसीला मी विमान चालवायला शिकले. कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे तास उड्डाण लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. केजजवळचं आमचं दोन एकर रान त्यात गेलं. उरलेल्या रानावर बँकेचा बोजा चढला. नोकरी लागली तेव्हा एअरबसच्या टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायच्या खास प्रशिक्षणाचे, पैसेही आम्हीच भरले. बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर, सातबाऱ्यावर बोजा चढलेला त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बघावा लागला. दाजींना हे सगळं माहीत आहे. रानाच्या व्यवहाराला साक्षीदार म्हणून सही त्यांचीच आहे.

बॉन्ड तर आधीपासूनच आहे. डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची नोटीस आणि को-पायलटला सहा महिन्यांची. मी ते सहा महिने एकही दिवस न बुडवता भरले. दाजींनी वाळूजची कंपनी सोडून चाकण धरलं आणि चाकण सोडून शेंद्रा. दर वेळी पगार वाढला म्हणून घरात पेढे आले. त्यांना कुणी विचारलं नाही की वाळूजच्या कंपनीनं तुम्हाला मशीन शिकवलं, त्याचं काय? विचारायचंही कारण नव्हतं. त्यांच्या कामाची किंमत चाकणला जास्त होती, ते गेले.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला 'उचल' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, त्याची झाली, फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. ऊस तोडणाऱ्या बाईचं दुःख आणि माझं मी एका तागडीत घालत नाही, तेवढी लाज आहे मला. पण माणसाला धरून कसं ठेवायचं हा विचार दोन्हीकडे एकच आहे, आणि तो आपल्या भागातल्या माणसानं बोलून दाखवावा याचं मला वाईट वाटतं. २०२५ मध्ये भारतानं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे तक्रार मांडली की परदेशी कंपन्या आमची अनुभवी माणसं नेतात. नेतात म्हणजे काय, आम्ही काय गोठ्यातली जनावरं आहोत?

आता डिसेंबरचं. पायलटांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम काही आभाळातून पडले नव्हते. ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. पहिला टप्पा जुलै २०२५ ला आला, दुसरा नोव्हेंबरला. माणसं कमी पडणार हे कंपनीला दिसायला हवं होतं. ती कमी पडली, आणि मग सवलत कशात दिली गेली? रात्रीच्या ड्युटीच्या आणि आठवड्याच्या विश्रांतीच्याच नियमांत. टीव्हीवर मात्र पायलट माजले, पायलट पळाले.

थकवा काय असतो ते सांगते. कंपनीचं नाव घेत नाही. सलग दुसरी रात्र, पहाटे चारचं लँडिंग. कॅप्टननं फ्लॅप्स, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून बाहेर काढायच्या पट्ट्या, मागितले. माझे डोळे उघडे होते, समोरचे आकडे दिसत होते, पण तो शब्द माझ्यापर्यंत पोचलाच नाही. त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा हात लिव्हरकडे गेला. मध्ये गेले असतील चार-पाच सेकंद. उतरल्यावर दोघंही काही बोललो नाही. हॉटेलवर जाऊन मी नळ सोडून रडले.

चार-पाच सेकंदांचं मोल संभाजीनगरकरांना तरी कळायला हवं. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून निघालेलं विमान धावपट्टीच्या टोकाला बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकवर आदळलं, ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचं निघालं, आणि त्या वेळी रस्त्यावरची वाहतूक अडवलेली नव्हती हेही निघालं. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आहे, दुसरी किती जणांच्या?

इथे काय वेगळं आहे ते दाजींनी विचारलं नाही, तरी सांगते. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, महिनाभर आधी हातात येतं आणि सहसा बदलत नाही. थकले असं कळवलं तर 'बरं, झोप' एवढंच म्हणतात. माझ्या आधीच्या नोकरीत दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून घेत. नोटीस कायद्यानं जास्तीत जास्त ९० दिवस. मिरदीफमधलं घर, मुलाची शाळा, सगळं सांभाळलं जातं. रानावरचा बोजा दोन वर्षांत उतरला. नवा सातबारा बाबांनी मला फोनवर दाखवला आणि कितीतरी वेळ फोन तसाच धरून बसले.

पण मग दाजींचा प्रश्न राहतोच, आणि तो मलाच छळतो. इथे आम्हाला संघटना करता येत नाही. तिकडे निदान पायलटांची संघटना कोर्टात जाते, चॅनलवर भांडते. नोकरी गेली की इथला व्हिसा गेला, मुलाची शाळा गेली, भाड्याचं घर गेलं. दहा-वीस वर्षं राहिले तरी हे माझं गाव होणार नाही. करामाच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, त्याची भाकरी थापताना मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, आणि भांडायला इथे आपलं कुणी नसतं. दाजींचा राग आला तो यासाठीसुद्धा. ते अजून मला आपल्यातली समजून बोलतात.

हैदराबादची फेरी असली की परतताना मी उजव्या सीटवर असते आणि अंबाजोगाई उजव्या हाताला येते. पहाटेच्या वेळी, हवा स्वच्छ असेल तर आधी लातूरचा उजेड दिसतो, मग त्याच्या पलीकडे एक लहान ठिपका. तो अंबाजोगाईचाच आहे असं मी धरून चालते. मुंबईचा कंट्रोलर फ्रिक्वेन्सी देतो, मी ती परत म्हणते, नियमाप्रमाणे इंग्रजीत. एकदा तिकडून आवाजात ओळखीचं मराठी वळण आलं आणि मी जरा थांबून, उगाचच, "नमस्कार" म्हटलं. तिकडूनही "नमस्कार मॅडम" आलं. बाजूच्या कॅप्टननं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमच्याकडचं आहे.

भारतातलं माझं लायसन्स मी चालू ठेवलं आहे. मेडिकलसाठी दर वर्षी रजा काढून येते, घरी सांगते की दातांचं काम आहे. हे ताईलासुद्धा माहीत नाही. दाजी वाचतील तेव्हा त्यांना कळेल.