‘साठ मिनिटं सांगितली, नऊ मिनिटांत बंद पडला’: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की खोक्यावर ६० मिनिटं छापलेला कॉर्डलेस व्हॅक्यूम नऊ-दहा मिनिटांत बंद पडतो, दिवाळीनंतर त्याची ओढ निम्मी झाली, आणि दिरांच्या घरचा डायसन कितीतरी चांगला असताना आम्ही हा तुमच्या गळ्यात मारला. शिवाय मशीन परत घेतलं नाही. कॉर्डलेस घ्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ६० मिनिटांचं. तुमच्या मशीनच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे सात सेल आहेत, म्हणजे २५.२ व्होल्ट. क्षमता २५०० एमएएच. गुणाकार केला की ६३ वॅट-तास येतात. एवढ्या विजेवर तासभर चालायचं तर मोटरला जेमतेम ६३ वॅट मिळणार. ते होतं सगळ्यात हळू मोडवर, फिरता ब्रश काढून नुसती चपटी नळी लावली तर. मॅक्स मोडवर हीच मोटर ४२० वॅट ओढते आणि ६३ वॅट-तास बरोबर नऊ मिनिटांत संपतात. तुम्ही घड्याळ लावून मोजलेला वेळ अचूक आहे, आणि तुमची बॅटरी पूर्ण ताकदीची आहे याचाच तो पुरावा आहे. दिरांचं मशीन बूस्टवर लावून बघा, तेही दहा मिनिटांच्या आसपासच थांबेल.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ६० आणि ‘इको मोडवर, मोटरच्या ब्रशशिवाय’ हे मात्र तळाशी बारीक अक्षरात, याचा राग येणं अगदी रास्त आहे. मलाही येतो. म्हणूनच आमच्या काउंटरवर प्रत्येक मॉडेलपुढे मधल्या मोडची मिनिटं लिहिलेली असतात, ब्रश फिरत असतानाची. तुमच्या मॉडेलची ती साधारण २५ आहेत. दोन बेडरूमच्या घराची फरशी त्यात आरामात होते. मॅक्स ठेवायचा तो गादी, सोफ्याच्या खाचा आणि पायपुसणं यांच्यापुरता.

आता ओढीचं. तुम्ही मशीन आणलंत तेव्हा आमच्या मेकॅनिकने तुमच्यासमोर फिल्टर काढला. त्यावर पांढऱ्या पुडीचा थर होता. ती रांगोळी. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. केस, पोहे, साबुदाणा हे डब्यात फिरणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात वेगळे पडतात. रांगोळीचा बारीक अंश तिथे थांबत नाही, तो थेट फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन बसतो. हवेची वाट बंद झाली की मोटर कितीही जोरात फिरली तरी तोंडाशी ओढ राहत नाही. नवीन इमारतीतली सिमेंटची आणि पीओपीची धूळ हेच करते, आणि पुण्यात ती सध्या कुठे नाही? असल्या पुडीला कुंचा आणि ओलं फडकंच बरं. चुकून ओढलीच तर त्याच दिवशी फिल्टर झटकायचा.

फिल्टर धुऊनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंत. आम्ही तो हातात घेतला तेव्हा आतल्या घड्या अजून ओलसर होत्या. धुतल्यावर तो सावलीत, वाऱ्यावर किमान २४ तास सुकवावा लागतो. पावसाळ्यात मी दोन दिवस सांगतो. ओला बसवला तर हवा अडतेच, वर धूळ चिकटून लगदा होतो आणि वास मारतो. कंपनीने खोक्यात एकच फिल्टर देणं मला पटत नाही. आमच्याकडे दुसरा मिळतो, तो घेऊन ठेवा, म्हणजे एक सुकत असताना काम अडत नाही.

डायसनशी तुलना केलीत तर ते मशीन वरचढ ठरणारच. लेझरवालं जे मॉडेल तुम्ही म्हणताय ते २०० एअरवॅटच्या पुढचं आहे, तुमचं त्याच्या जवळपासही नाही, आणि किंमतही निम्म्याहून कमी आहे. तुलना करायचीच तर एअरवॅट बघा, म्हणजे ओढ आणि हवेचा प्रवाह दोन्ही मिळून. खोक्यावरचा ‘२५ केपीए’ हा नुसत्या ओढीचा आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. शहाळ्याची नळी बोटाने दाबून चोखली तर जोर भरपूर लागतो, पण पाणी येत नाही, तसंच ते. त्याच्या जोडीने तोंडाशी कोणता ब्रश आहे हे पाहा. आपल्याकडे फरशी गुळगुळीत, गालिचे कमी. कडक केसांचा ब्रश दाणे पुढे उडवतो, मऊ रोलर ते आत घेतो. तुम्हाला हे मॉडेल सुचवलं ते त्याच्या मऊ रोलरसाठी. घरात गालिचा नाही आणि रोज केर काढायचाय, असं तुम्ही सांगितलं होतं.

आणखी एक, कारण हा गैरसमज फार पसरलाय. डायसनने २०१८ मध्ये तारेच्या व्हॅक्यूमवरचं नवं काम थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून तारेचं मशीन म्हणजे जुनाट असं लोक धरून चालतात. वर्षातून दोनदा माळे, गाद्या, पडदे, पंखे असं सगळं घर काढणाऱ्याला मी आजही तारेचंच देतो. त्याला मिनिटं मोजावी लागत नाहीत, बॅटरी म्हातारी होत नाही आणि पैसेही कमी लागतात. कॉर्डलेस रोजच्या केरासाठी. दोन्ही कामं एकाच मशीनकडून हवी असतील तर दिरांकडच्यासारखं महागाचं घ्यावं लागतं.

परत घेण्याबद्दल: मशीनमध्ये दोष निघाला नाही, त्यामुळे वॉरंटीत बदलून मिळणार नाही, हे तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो. पण तुमच्या मनात शंका ठेवून मला हा व्यवहार संपवायचा नाही. रविवार सोडून कुठल्याही दुपारी या. पूर्ण चार्ज करून, कोरडा फिल्टर लावून, ब्रश फिरता ठेवून मधल्या मोडवर तुमच्यासमोर चालवू. २० मिनिटांच्या आत बंद पडलं तर बॅटरीचा क्लेम आम्ही स्वतः टाकू, तुम्हाला सर्व्हिस सेंटरला जावं लागणार नाही. चाललं, पण तरी नको वाटलं, तर तारेच्या मशीनशी बदलू. जुन्याची किंमत तिथेच ठरवू, पटली तरच द्या. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार करा. आम्ही तिथेही हेच उत्तर देऊ.

येताना चार्जर आणि फिरता ब्रश दोन्ही आणा. बिल सापडलं नाही तरी चालेल, मोबाइल नंबरावरून निघतं.