आमची रोजची भाकर आणि साठ हजार

नाताळ जवळ आला की आमच्या घरी रात्री अकरा-बारापर्यंत करंज्या चालतात. ख्रिस्ती घरात करंज्या-चकल्या कशा, असं अजूनही कुणीतरी विचारतं. आम्ही नगरकडची माणसं. दिवाळीत शेजारून आलेलं ताट आजी नाताळात भरून परत पाठवायची, तेव्हापासून हे चालत आलंय. यंदा मुरड घालताना माझ्या मनात मात्र येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतल्या दोनच ओळी घोळत होत्या. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." आणि तिला लागूनच, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड."

पहिली ओळ आमच्या घरात कुणाला शिकवावी लागली नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, ज्वारीचाच एक प्रकार, मिळायचा. त्याचं पीठ धड मळलं जायचं नाही, थापता थापता भाकरीच्या कडा फाटायच्या. आजी थापताना ही ओळ पुटपुटायची आणि "आज" या शब्दावर थांबायची. उद्याचं पीठ डब्यात नसायचंच. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये प्रभूकडे जाण्याच्या थोडं आधी त्यांनी ते काम पुरं केलं. भाकर आणि ऋण, दोन्ही शब्द आमच्यासारख्यांच्या घरातलेच आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण दुसऱ्या ओळीची आहे.

२०१६ मध्ये माझ्या चुलत भावानं, दादानं, मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी माझ्याकडून साठ हजार रुपये घेतले. सहा महिन्यांत देतो म्हणाला. दोन वर्षांनी मी विषय काढला तर म्हणाला, "घरातल्या घरात हिशेब कसला गं?" त्या वाक्यानं मी तुटले. पैशापेक्षा त्या वाक्यानं. तेव्हापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तो उजवीकडच्या बाकांवर बसायचा आणि मी डावीकडच्या. उपासना सुटल्यावर दाराशी "सलाम" व्हायचा, तेवढाच.

गेल्या वर्षी एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेला दृष्टांत, घेतला. धन्यानं त्याला दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं आणि त्यानं सोबत्याला शंभर दिनारांसाठी नरडीला धरलं. या शंभर दिनारांना आपण नेहमी चिल्लर म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सव्वातीन महिन्यांची कमाई अडकली होती त्या चाकराची. मी बाकावर बसून हिशेब केला. आमच्याकडे हजेरी सहाशे धरली, तर शंभर दिवसांचे होतात साठ हजार.

अंगावर काटा आला. माझं नुकसान खोटं नाही, हे प्रभूनं मान्य केलंय असं वाटलं. आणि तरीही तो मला दहा हजार तालांतांसमोर उभं करत होता. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. तेवढं देणं कुठल्या जन्मात फिटणार?

त्याच दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. प्याल्यांचा ट्रे माझ्यापाशी आला, छोट्या काचेच्या प्याल्यांत तळाशी लाल द्राक्षरस. मनात दादाचा राग होता, माझा हात उचललाच गेला नाही. मी ट्रे तसाच पुढे दिला. शेजारी आई होती. ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "उचलला नाहीस ते बरं केलंस. पण भाकर रोज मागतेस ना? मग सोडायचंही रोजच असतं, बाई."

मूळ ओळ नीट वाचा. "सोडले आहे." सोडू, सोडायचा प्रयत्न करू, असं नाही. देवापुढे हात जोडायच्या आधीच ते झालेलं असायला हवं. मी कितीतरी वर्षं दर रविवारी देवासमोर खोटं बोलत होते.

इथे एक सांगायलाच हवं. घरात मार खाणाऱ्या बाईला हीच ओळ ऐकवून परत धाडणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांचा संताप येतो. तिनं आधी सुरक्षित जागी जावं. मी बोलतेय ते पैशाच्या, मानापमानाच्या देण्याबद्दल, जे सोडायची ताकद माझ्या हातात होती.

संध्याकाळी मी दादाला फोन केला. "ते पैसे मी सोडले, दादा. परत विषय काढणार नाही." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "बरं." बस, एवढंच. माफी नाही, रडणं नाही. मी फोन ठेवला आणि मला परत राग आला. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मी व्याजासकट आकडा काढला. मग परत प्रार्थना केली, परत सोडले. नंतरचे कितीतरी दिवस हेच चाललं. आता आकडा मनात येतो, पण छातीत कळ येत नाही.

काल दादाच्या घरून करंज्यांचा स्टीलचा डबा आला. वहिनीची मुरड मी लांबूनही ओळखते, बारीक आणि घट्ट. इतक्या वर्षांनी ती पाहिली. डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. शंकरपाळे संपलेत, अनारसे आहेत अजून. सकाळी उपासनेला जाताना तेच भरून नेणार आहे.