‘प्लॅनेट रॉक’ यंत्राने बनवलं म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिका बंबाटा अँड द सोलसॉनिक फोर्स या अमेरिकन हिप-हॉप गटाचं 1982 सालचं गाजलेलं गाणं ‘प्लॅनेट रॉक’ म्हणजे ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन बँडच्या रेकॉर्डचे तुकडे कापून चिकटवलेले, ताल जपानी यंत्राने आपोआप दिला, पोरांनी वर नुसती बडबड केली, आणि गुंडांच्या या गोंगाटाला संगीत म्हणणं हीच चूक. माझा भाचा अकरावीत आहे, लॅपटॉपवर बीट्स बनवतो. नात्यातल्याच एकाने त्याला टॅग करून हे टाकलं. त्याने मला विचारलं, “मामा, म्हणजे मी करतो तीपण चोरीच ना?” त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ‘यंत्राने आपोआप’ हे घेतो. सगळ्यात बिनडोक तेच आहे आणि पोराला लागलंही तेच. हे यंत्र म्हणजे रोलंड कंपनीचं टीआर-808, ड्रमचे ताल वाजवणारं यंत्र. त्यात कुणाच्या ड्रम्सचं रेकॉर्डिंग भरलेलं नाही, आवाज आतल्या सर्किटमधून तयार होतात. पुढे सोळा बटणांची ओळ: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. बेस ड्रम कुठे पडणार, स्नेअर कुठे, क्लॅप कुठे, हे माणसाने एकेक बटण दाबून बसवायचं. बेस ड्रमला ‘डिके’चा नॉब आहे. तो फिरवला की ठोका लांबतो, घुमतो, छातीत जाणवतो. किती घुमू द्यायचा हे कान ठरवतो, यंत्र नाही. निर्माता आर्थर बेकरकडे तर हे यंत्र नव्हतंच. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात वाचून यंत्रवाल्या माणसाला पैसे देऊन स्टुडिओत बोलावलं आणि कसा ताल हवा ते त्याला ऐकवून, सांगून बसवून घेतला.

अजून पटत नसेल तर आपल्या मुंबईत या. त्याच 1982 साली, तेच 808 वापरून, चरणजित सिंग या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात मुरलेल्या वादकाने डिस्को तालावर दहा राग सिंथेसायझरवर वाजवले आणि पुढे एचएमव्हीने ती रेकॉर्ड काढली. त्यात ललित आहे, मालकंस आहे. यंत्र एकच, वर्ष एकच, आणि संगीताचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हा फरक बटणं दाबणाऱ्या माणसांनी केला.

आता चोरी. इथे फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सुरावट क्राफ्टवेर्कच्या 1977 सालच्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’मधली आहे, तालाची बैठक त्यांच्याच 1981 सालच्या ‘नंबर्स’वरून घेतलेली आहे. परवानगी घेतली नव्हती, श्रेयही दिलं नव्हतं. क्राफ्टवेर्कवाले चिडले, ते रास्तच होतं. पुढे टॉमी बॉय या रेकॉर्ड कंपनीला त्यांना पैसे मोजावे लागले. एवढं कबूल.

पण ‘तुकडे कापून चिकटवले’ हे धादांत खोटं आहे. ‘साउंड ऑन साउंड’ या ध्वनिमुद्रणाला वाहिलेल्या मासिकाने या गाण्याच्या मुद्रणावर सविस्तर लेख छापलाय, आणि त्या स्टुडिओत काय झालं हे तिथे असलेल्या माणसांकडूनच कळतं. ती सुरावट जॉन रॉबी या वादकाने कीबोर्डवर स्वतः वाजवली. दुसऱ्याच्या टेपचा आवाज म्हणावा असा त्यात एकच आहे, तो मध्येच कोसळणारा ऑर्केस्ट्राचा दणका. तो स्ट्राव्हिन्स्की या संगीतकाराच्या ‘फायरबर्ड’मधला, फेअरलाइट या संगणकी वाद्याच्या आवाजसंग्रहात आधीपासून असलेला. म्हणजे जर्मन टेप कुठेच नाही! आणि क्राफ्टवेर्कच्याच कार्ल बार्टोसने मुलाखतीत सांगितलंय की त्यांची मंडळी जेम्स ब्राउन हा कृष्णवर्णीय अमेरिकन गायक आणि अमेरिकन सोल संगीत यांची चाहती होती. देवघेव दोन्ही बाजूंनी होती. श्रेय आणि पैसे द्यायला हवे होते, ते वेगळं.

‘बडबड’ या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. मिस्टर बिग्ज, पॉव वॉव आणि ग्लोब हे तिघे रॅपर. त्यांच्या सवयीच्या फंक या नाचऱ्या अमेरिकन संगीतापेक्षा हा ताल इतका वेगळा होता की सुरुवातीला तो त्यांच्या पचनी पडेना. मग ग्लोबने ओळी लिहिल्या, त्या धावत्या तालावर संथ लयीत, तोडून तोडून बसवल्या. हे एकदा करून बघा.

राहिला ‘गुंडांचा’ मुद्दा. गटाचा म्होरक्या बंबाटा तरुणपणी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ब्लॅक स्पेड्स या टोळीत होता, हे खरं. त्यातून बाहेर पडून त्याने झुलू नेशन ही संघटना उभी केली आणि टोळ्यांतल्या पोरांना नाचगाण्याकडे वळवलं, हेही तितकंच खरं. 2016 साली त्याच्यावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, त्याने ते नाकारले. आरोप गंभीर आहेत आणि आरोप करणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे, गाणं कितीही मोठं असलं तरी. पण त्यावरून रॉबीची बोटं किंवा ग्लोबच्या ओळी खोट्या ठरत नाहीत. या रेकॉर्डमागे निर्माता, कीबोर्डवादक, तीन रॅपर, यंत्र चालवणारा अशी बरीच माणसं राबली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एका माणसाचं नाव पुढे करून बाकी सगळ्यांना पुसून टाकलंय.