झेडऑक्साइड असताना सीडीपाथ आणि पुशडी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टर्मिनलमध्ये एका डिरेक्टरीतून (फोल्डरमधून) दुसरीत झटपट कसे जावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि बरीच तिखट प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपल्या हरकती थोडक्यात अशा आहेत. झेडऑक्साइड (आपल्या भेटी लक्षात ठेवून नावाच्या तुकड्यावरून डिरेक्टरी गाठणारे साधन) फुकट मिळत असताना सीडीपाथ (डिरेक्टरी बदलणाऱ्या ‘सीडी’ कमांडने कुठे कुठे शोधावे याची यादी) आणि पुशडी (आधीचे पत्ते साठवत पुढे जाणारी कमांड) ही जुनी सामग्री शिकवण्यात हशील नाही. त्यातून वाचणारा वेळ नगण्य आहे. सीडीपाथ लावल्यापासून आपली बिल्डची (प्रोग्रॅम तयार करणारी) स्क्रिप्ट बिघडली. आणि ‘नोकऱ्या’ या फोल्डरचे नाव पूर्ण टाइप केले तर ‘असा फोल्डर नाही’ असे उत्तर येते, पण अर्धे लिहून टॅब दाबला की बिनबोभाट आत जाता येते. वेळेपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. सेकंद वाचवून कोणी श्रीमंत झालेले नाही आणि लेखाचा भरही त्यावर नव्हता. बाकीच्यांबद्दल मात्र लिहायलाच हवे.

आधी स्क्रिप्ट घेऊ, कारण तिथे खरोखर काम अडले आहे. आपण पाठवलेली ओळ बहुतेक प्रकल्पांत सापडते: स्क्रिप्ट ज्या डिरेक्टरीत आहे तिथे ‘सीडी’ने जायचे, लगेच ‘पीडब्ल्यूडी’ ही चालू डिरेक्टरीचा पत्ता छापणारी कमांड चालवायची आणि जे काही छापले जाईल ते एका व्हेरिएबलमध्ये साठवायचे. एरवी ‘सीडी’ मुकाट्याने काम करते, म्हणून हे जमून जाते. परंतु सीडीपाथमधल्या एखाद्या रिकाम्या नसलेल्या नोंदीच्या आधारे डिरेक्टरी सापडली, तर ‘सीडी’ने नवा पत्ता छापावा असे पॉझिक्स या युनिक्ससदृश प्रणालींच्या मानकातच लिहिलेले आहे, जेणेकरून आपण नेमके कुठे पोहोचलो ते माणसाला कळावे. परिणामी आपल्या व्हेरिएबलमध्ये तोच पत्ता दोन ओळींत दोनदा जाऊन बसतो आणि पुढची प्रत्येक कमांड कोलमडते. गंमत म्हणजे सीडीपाथमध्ये पहिली नोंद टिंबाची, म्हणजे चालू डिरेक्टरीची, असली तरी हेच घडते, कारण नियमाच्या लेखी टिंब ही रिकामी नोंद नाही.

हे सारे स्क्रिप्टपर्यंत पोहोचले ते आपण सीडीपाथच्या आधी ‘एक्स्पोर्ट’ लिहिल्यामुळे. तो शब्द लेखातल्या उदाहरणात नव्हता आणि तो मुद्दामच नव्हता. एक्स्पोर्ट न केलेले व्हेरिएबल त्या शेलपुरते (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमपुरते) राहते. त्या शेलने सुरू केलेल्या स्क्रिप्टला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा बॅश या शेलच्या बॅशआरसी या आरंभ-फाइलीत नुसते ‘सीडीपाथ=:~/काम’ असे लिहा. सुरुवातीचे विसर्गचिन्ह चुकून पडलेले नाही. त्याच्या आधीची रिकामी जागा म्हणजेच चालू डिरेक्टरी, आणि ती आधी तपासली जाते, तीही काही न छापता. ही रिकामी नोंद विसरलात, तर समोर ‘चाचणी’ नावाची डिरेक्टरी असतानाही ‘काम’मधली ‘चाचणी’ उघडेल, आणि तो गोंधळ निस्तरणे जास्त त्रासाचे असते. स्क्रिप्ट आपली स्वतःची असेल, तर तिच्यातल्या ‘सीडी’च्या आधी सीडीपाथ रिकामा करणेही शहाणपणाचे, कारण दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर काय एक्स्पोर्ट केलेले असेल ते आपल्या हाती नसते.

आता झेडऑक्साइड. ते वाईट आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. माझ्या लॅपटॉपवर ते आहे आणि मी ते वापरतो. मात्र ते कसे ठरवते हे पाहिले, तर माझा मुद्दा स्पष्ट होईल. प्रत्येक भेटीगणिक डिरेक्टरीचे गुण वाढतात. शेवटची भेट तासाभरातली असेल तर गुणांना ४ ने गुणले जाते, दिवसभरातली असेल तर २ ने. आठवड्यातली असेल तर २ ने भागले जाते आणि त्याहून जुनी असेल तर ४ ने. दिलेल्या शब्दाशी जुळणाऱ्या ज्या डिरेक्टरीचे गुण सर्वांत जास्त, तिथे आपण जाऊन पोहोचतो. म्हणजेच ‘झेड लॉग्ज’ ही झेडऑक्साइडची एकच कमांड सकाळी एका ग्राहकाच्या लॉग्जमध्ये नेईल आणि दुपारी दुसऱ्याच्या. वाचायला जात असाल तर बिघडत नाही, पण जुन्या फायली पुसायला जात असाल तर आपण कुठे उतरणार हे आपल्या कालच्या वावरावरून ठरावे, हे मला पटत नाही. सीडीपाथचा क्रम मी लिहिलेला असतो आणि मी बदलेपर्यंत तो बदलत नाही. झेडऑक्साइडच वापरायचे असेल, तर उडी मारण्यापूर्वी पत्ता छापण्याची त्याची सोय निदान चालू ठेवा.

दुसरी अडचण सर्व्हरची. झेडऑक्साइड नुसते बसवून भागत नाही, शेलच्या आरंभ-फाइलीत त्याची ओळही घालावी लागते. याचे कारण युनिक्सच्या जडणघडणीत आहे. चालू डिरेक्टरी ही प्रत्येक प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) स्वतःची गोष्ट आहे, त्यामुळे बाहेरचा प्रोग्रॅम फक्त स्वतःची डिरेक्टरी बदलू शकतो आणि तो संपला की शेल होता तिथेच असतो. हा धडा युनिक्सच्या कर्त्यांनाही ठेच लागूनच मिळाला. त्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी नोंदवले आहे की त्यांच्या प्रणालीत फोर्क (नवी प्रोसेस निर्माण करण्याची सोय) आल्यानंतर ‘सीएचडीआयआर’ ही तेव्हाची वेगळी कमांड अचानक निकामी झाली. ती इमानाने डिरेक्टरी बदलत होती, पण फक्त स्वतःपुरती, आणि लगेच संपत होती. अखेर ती शेलच्या पोटात घ्यावी लागली. ‘सुडो सीडी’ (प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेली ‘सीडी’) आजही काही करत नाही, ते याचमुळे. आता ग्राहकाच्या ज्या सर्व्हरवर काही बसवण्याची परवानगीच नाही, तिथे शेलच्या पोटात जे आहे तेच हाताशी असते. पुशडी पॉझिक्समध्ये नाही आणि डॅश नावाच्या शेलमध्ये मिळत नाही हे खरे, पण सर्व्हरवर लॉगिन केल्यावर समोर बहुधा बॅशच असतो.

पुशडीला आपण ‘गौरवलेली सीडी वजा’ म्हटले आहे. केवळ मागच्या डिरेक्टरीत परतायचे असेल तर ‘सीडी -’ पुरेसे आहे, हे मीही लिहिले होते. पुशडीची खरी किंमत आधीच्या डिरेक्टरीत परत न जाताच तिचा पत्ता वापरताना कळते. समजा, मी एनजिन्क्स या वेब सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये आहे आणि पुशडीने त्याच्या लॉग्जमध्ये, तिथून बॅकअपमध्ये गेलो. ‘डर्स -व्ही’ (साठवलेल्या पत्त्यांची यादी) म्हटले की तिन्ही पत्ते ०, १, २ अशा क्रमांकांनी दिसतात, आणि त्यानंतर बॅश ‘~१’ आणि ‘~२’ यांना पूर्ण पत्ते समजतो (आकडे अर्थात इंग्रजी कळांनी टाइप करायचे). बॅकअपमध्ये बसूनच सेटिंग्जची फाइल ‘डिफ’ने ताडून पाहता येते किंवा लॉग्जमधली फाइल ‘सीपी’ने ओढून आणता येते, लांबलचक पत्ता एकदाही लिहावा लागत नाही. झेडऑक्साइडला पत्ता विचारून तो कमांडमध्ये बसवता येतो, पण तिथेही उत्तर अंदाजाचेच असते.

राहिला ‘नोकऱ्या’चा प्रश्न, आणि खरे सांगायचे तर आपल्या प्रतिक्रियेतला तो सर्वांत चांगला भाग आहे. दोष ‘सीडी’चा नाही आणि सीडीपाथचाही नाही. ‘ऱ्या’ हे पडद्यावर एकसारखे दिसले तरी ते तीन तऱ्हांनी लिहिले गेलेले असू शकते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, साध्या ‘र’ला खाली नुक्ता (टिंब) जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा जुन्या पद्धतीने. लिनक्सची फाइलप्रणाली सहसा नावाकडे नुसते बाइट म्हणून पाहते. ‘ऱ’चे बाइट ३, तर ‘र’ आणि नुक्त्याचे मिळून ६. तिच्या दृष्टीने ही निराळी नावे झाली. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ थेट टाइप होतो, त्यामुळे आपल्या बोटांतून बहुधा पहिले रूप उमटते, फोल्डर मात्र जुन्या मॅकवरून आलेला असेल, तर तिथली एचएफएस प्लस प्रणाली नावांतली अशी अक्षरे सुटी करून (‘र’ आणि नुक्ता वेगळे) साठवत असे. टॅब चालतो, कारण आपण ‘नोक’पर्यंतच लिहिलेले असते आणि उरलेले बाइट शेल जसेच्या तसे आणतो. ‘सीडी नोक*’ हेही त्याच कारणाने चालेल.

कायमचा उपाय म्हणजे नाव बदलणे. फोल्डर बरेच असतील तर कॉन्व्हएमव्ही हे साधन पहिली दोन रूपे एका साच्यात आणते, पण जोडकाचे तिसरे रूप त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे टॅबने जुने नाव आणून ‘एमव्ही’ने नवे द्यावे लागेल. आधी ‘एलएस’चा (नावांच्या यादीचा) निकाल ‘ओडी’ या बाइट दाखवणाऱ्या कमांडमधून काढून आपल्याकडे कोणते रूप आहे ते पाहा, आणि जोडक सापडला तर इथेच कळवा.